मांजराचा मधुमेह घरी सांभाळताना: इन्सुलिन, आहार आणि रोजची नोंद

आमच्या भुऱ्याचा मधुमेह सर्वांत आधी मुंग्यांना कळला. इंदूरच्या सुदामानगरात आमच्या घराच्या मागच्या मोरीत त्याचा मातीचा ट्रे ठेवलेला असतो. एका श्रावणात त्या ट्रेच्या कडेने काळ्या मुंग्यांची रांग लागली. सासूबाई ती पाहून म्हणाल्या, "अगं, याच्या लघवीला मुंग्या लागल्यात. डॉक्टरला दाखवून आण." भुऱ्या तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याचे खच्चीकरण झालेले होते, अंगाने तो चांगलाच जाड होता आणि दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढत असे. महिनाभरापासून तो न्हाणीघरातल्या बादलीतही तोंड घालून पाणी पीत होता, पूर्वीपेक्षा दीडपट खात होता, आणि तरीही पाठीचा कणा हाताला लागू लागला होता. उन्हाळा संपला तरी याची तहान का संपत नाही, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता, पण पडला नाही.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्याला दररोज दोन वेळा इन्सुलिन दिले. ज्यांच्या मांजराचे निदान नुकतेच झाले आहे आणि हातात सिरिंज घेऊन जे गोंधळून उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. इन्सुलिनची मात्रा ठरवण्याचे काम पशुवैद्यांचेच आहे. ती मात्रा घरात रोज सुरक्षितपणे कशी द्यायची, काय पाहायचे आणि कधी थांबायचे, एवढेच मी सांगणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सारे नियम तिच्यावरच उभे आहेत. मांजराची साखर काही दिवस वाढलेली राहिली, तर नुकसान हळूहळू होते आणि ते बहुधा भरून काढता येते. ती एकदम फार खाली गेली, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून मात्रा दिली की नाही, किती दिली, मांजर जेवले की नाही, अशी शंका जेव्हा जेव्हा येईल, तेव्हा हात आवरता घ्यावा आणि डॉक्टरांना फोन करावा. एक सुई चुकल्याने मांजर सहसा दगावत नाही. चुकून दिलेल्या दुप्पट सुईने मात्र दगावू शकते.

निदान पक्के करून घ्या

फार पाणी पिणे, फार लघवी होणे, भूक वाढूनही वजन उतरणे आणि अंगावरचे केस निस्तेज होणे ही नेहमीची चिन्हे आहेत. आजार जुना झाला की काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात आणि त्यांना उडी मारणे जमत नाही. वाढलेल्या साखरेमुळे नसांवर झालेला हा परिणाम असून उपचार वेळेवर सुरू झाल्यास तो पुष्कळदा ओसरतो. पाणी मोजायचे असेल तर सकाळी मापून भरावे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले मोजावे. मांजर दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी पीत असेल, तर ते निश्चितच जास्त आहे. ओले अन्न खाणारे निरोगी मांजर तर वाटीला क्वचितच तोंड लावते.

मांजराच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. पिंजरा, रिक्षा, दवाखान्यातले कुत्र्यांचे भुंकणे या सगळ्यांनी घाबरलेल्या निरोगी मांजराची साखरही ३०० च्या घरात जाऊ शकते. त्यामुळे दवाखान्यातल्या एका आकड्यावरून निदान करू नये. भीतीमुळे साखर थोडा वेळच चढली असेल, तर लघवीत ती सहसा उतरत नाही, म्हणून घरी जमवलेल्या लघवीची तपासणी उपयोगी पडते. फ्रुक्टोसामाइन नावाची रक्तचाचणी मागील एक-दोन आठवड्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देते आणि तासाभराच्या भीतीने ती बदलत नाही. डॉक्टरांना तिच्याविषयी अवश्य विचारावे.

त्याच वेळी दात, मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंड, थायरॉइड आणि स्वादुपिंड यांचीही तपासणी करून घ्यावी. हिरड्यांत पू झालेल्या मांजराला कितीही इन्सुलिन दिले तरी साखर हटून बसते. खाजेसाठी किंवा दम्यासाठी पूर्वी स्टेरॉइडची सुई वा गोळी दिली असेल, तर ते डॉक्टरांना न विसरता सांगावे, कारण स्टेरॉइडमुळे मांजरात मधुमेह उद्भवू शकतो. इंदूरकरांना गुंतागुंतीच्या प्रसंगी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आधार आहे. १९५५ साली सुरू झालेली ही संस्था शहरापासून साधारण २३ किलोमीटरवर आहे.

मांजराचा मधुमेह बव्हंशी माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि ते तयार करणाऱ्या पेशीही थकत जातात. तरीही माणसाच्या मधुमेहाच्या घरातल्या गोळ्या मांजराला देऊ नयेत. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ साली मांजरांसाठी दोन तोंडाने घ्यायची औषधे मंजूर झाली, पण त्यांच्या वापरात साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोन (साखरेऐवजी चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचण्याचा धोका असतो, त्यामुळे तीही डॉक्टरांच्या सतत देखरेखीखालीच द्यावी लागतात. बहुतेक मांजरांचा मुख्य उपचार आजही इन्सुलिन हाच आहे.

बाटली आणि सिरिंज यांची जोडी

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ देणार आहे, कारण आमच्या घरी अनर्थ होता होता राहिला तो इथेच.

आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा दोन तीव्रतांत मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेले. पहिल्यासाठी यू-४० सिरिंज असते, जिचे टोपण लाल असते. दुसऱ्यासाठी यू-१०० सिरिंज असते, जिचे टोपण नारिंगी असते. भुऱ्याला डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचे इन्सुलिन दिले होते, जे बहुधा १०० युनिटचे असते, आणि मात्रा होती सकाळी एक युनिट, संध्याकाळी एक युनिट. औषधाच्या दुकानातून पुडके घरी आले, त्यात इन्सुलिन बरोबर होते, पण सिरिंज लाल टोपणाच्या होत्या. दुकानदाराने विचारले नाही आणि आम्हीही पाहिले नाही. रात्री दिव्याखाली सिरिंज धरून एकच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तेव्हा सिरिंजच्या अंगावरचा ४० हा आकडा आणि बाटलीवरचा १०० हा आकडा एकाच वेळी नजरेस पडला आणि हात थांबला. हिशेब सोपा आहे. लाल टोपणाच्या सिरिंजमधली एका युनिटची खूण म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. १०० युनिटच्या बाटलीतून तेवढे औषध घेतले, तर त्यात अडीच युनिट येतात. पहिल्याच रात्री पाच-सहा किलोच्या मांजराला ठरलेल्या मात्रेच्या अडीचपट इन्सुलिन गेले असते.

तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला की नवे पुडके आले की बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दोघांनी मोठ्याने वाचायचा, आणि ते जुळले तरच सिरिंज फ्रिजवरच्या डब्यात जाईल. हा नियम आपणही घरात लावावा, असे मी कळकळीने सांगते.

सिरिंजचा आकारही महत्त्वाचा आहे. एक मिलिलिटरच्या यू-१०० सिरिंजवर बहुधा प्रत्येक रेघ दोन युनिटची असते, त्यामुळे तिच्यात एक युनिट मोजणे म्हणजे अंदाजपंचे काम होते. ०.३ मिलिलिटरची, शक्य असल्यास अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मागावी. कोपऱ्यावरच्या दुकानात ती मिळाली नाही, तर दवा बाजारात सापडते. सुई एकदाच वापरावी. दुसऱ्या वापराला तिचे टोक बोथट होते आणि मांजर सुईला भिऊ लागते.

इन्सुलिनची साठवण

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे. बर्फाच्या कप्प्याला किंवा फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले की दिसायला पूर्वीसारखेच दिसते, पण ते टाकून द्यावे लागते. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि त्यातच दुपारी वीज जाते, तेव्हा फ्रिजचे दार उघडू नये आणि खंड लांबल्यास बाटली कापडात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवावी. थर्मासमध्ये बर्फ ठेवलाच तर बाटली त्याला थेट टेकू देऊ नये.

ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते हलवू नये, त्यात काही मिसळू नये आणि ते पातळही करू नये. त्यात गढूळपणा किंवा कण दिसले तर बाटली बाद करावी. डॉक्टरांनी दुधाळ रंगाचे इन्सुलिन दिले असेल तर ते कसे एकजीव करायचे हे त्यांच्याकडूनच शिकावे, कारण प्रत्येक प्रकाराची रीत वेगळी आहे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहावी. ग्लार्जिनच्या पाकिटावर उघडल्यानंतर २८ दिवसांची मुदत दिलेली असते.

सुई देण्याची रीत

वेळ निवडताना घराचा दिनक्रम पाहावा. दोन सुयांत बारा तासांचे अंतर हवे, म्हणून पहाटे साडेपाचची वेळ उत्साहाने ठरवण्यापेक्षा वर्षभर पाळता येईल अशी वेळ ठरवावी. आम्ही सात आणि सात ठरवले.

आधी खाणे द्यावे आणि ते खाल्ले जाते का हे उभे राहून पाहावे. निम्म्याहून अधिक खाल्ल्यावर सिरिंज भरावी. हवेचा बुडबुडा आला तर टिचकी मारून तो वर आणावा आणि बाटलीतच परत ढकलावा. मांजराच्या बाजूला बसावे, समोर बसू नये. छातीच्या किंवा पोटाच्या बगलेवरची सैल कातडी अंगठा आणि दोन बोटांनी वर उचलावी, म्हणजे खाली लहानसा तंबू तयार होतो. त्या तंबूच्या पायथ्याशी, अंगाला समांतर दिशेने सुई आत घालावी, दट्ट्या सावकाश पूर्ण दाबावा आणि सुई काढल्यावरच चिमट सोडावी. मानेवरची जाड कातडी सोपी वाटते, पण एकाच जागी रोज सुई दिल्यास तिथे गाठ होते आणि औषध नीट शोषले जात नाही. सोमवारी डावी बाजू, मंगळवारी उजवी, असा फेर ठेवावा.

लांब केसांच्या मांजरात सुई कातडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन औषध केसांतच जाते. केस ओले लागले आणि इन्सुलिनचा तो औषधी वास आला तर असे झाले आहे हे कळते. अशा वेळी दुसरी सुई देऊ नये. किती आत गेले आणि किती बाहेर, हे सांगता येत नाही, म्हणून पुढच्या वेळेपर्यंत थांबावे. सुईची वेळ चुकली तर तासाभराचा उशीर सहसा चालतो, पण अर्धा दिवस उलटून गेला असेल तर ती सुई सोडून द्यावी. राहिलेली मात्रा पुढच्या मात्रेत कधीही मिळवू नये. दोन माणसे घरात असतील तर "तुम्ही दिली असेल असं वाटलं" किंवा "मला वाटलं दिली नसेल" हे दोन्ही प्रकार घडतात. फ्रिजवर एक कागद लावून सुई दिल्याक्षणी तिथे खूण करावी, नंतर करू म्हणू नये.

वापरलेल्या सुया घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात. इंदूरच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असतो. बाटली भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून, वर "सुया" असे लिहून, गाडीवरच्या माणसाला तोंडी सांगून ती त्या कप्प्यात द्यावी. ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळी सुई गेली, तर तो कचरा हाताने निवडणाऱ्याच्या बोटात ती घुसते.

आहार

आमच्यासारख्या घरांत मांजर दूध-पोळी आणि दहीभातावर वाढते. माझ्या माहेरीही तसेच होते आणि त्यात प्रेमाची कमतरता नव्हती. पण मांजर हा मुळातच मांसाहारी प्राणी आहे. पिठूळ अन्नातून एकदम आलेली साखर हाताळण्याची त्याच्या यकृताची क्षमता कमी असते, आणि डोळे व हृदय शाबूत राहण्यासाठी लागणारे टॉरिन नावाचे पोषकद्रव्य त्याला मांसातूनच मिळवावे लागते. मधुमेही मांजराला शाकाहारी ठेवता येत नाही. घरात मांस शिजत नसेल तर तयार ओल्या अन्नाची पाकिटे हा मार्ग आहे, आणि आमच्या घरी तो सासूबाईंनीही मान्य केला.

मधुमेही मांजराच्या एकूण उष्मांकांपैकी कर्बोदकांचा वाटा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा, असे मानले जाते. पाकिटावर कर्बोदके बहुधा लिहिलेली नसतात, पण ती काढता येतात. १०० मधून प्रथिने, स्निग्धांश, ओलावा, तंतू आणि राख यांचे आकडे वजा करावेत, उरतात ती कर्बोदके. मग प्रथिने आणि कर्बोदके प्रत्येकी ३.५ ने व स्निग्धांश ८.५ ने गुणावेत. समजा, एका कोरड्या खाद्याच्या पिशवीवर प्रथिने ३२, स्निग्धांश १२, ओलावा १०, तंतू ४ आणि राख ८ असे आकडे आहेत. कर्बोदके ३४ उरतात, उष्मांक ११२ अधिक १०२ अधिक ११९, म्हणजे ३३३ होतात, आणि त्यांत कर्बोदकांचा वाटा जवळजवळ ३६ टक्के निघतो. आता ओल्या अन्नाचे एक पाकीट पाहू: प्रथिने १०, स्निग्धांश ४, ओलावा ८२, तंतू ०.५, राख २. कर्बोदके दीड उरतात आणि त्यांचा वाटा सुमारे ७ टक्के होतो. पाकिटावरचे आकडे किमान-कमाल स्वरूपाचे असल्याने हा अंदाजच आहे, पण दोन पाकिटांत निवड करायला तो पुरेसा आहे. घट्ट रश्श्याच्या पाकिटांत अनेकदा स्टार्च असतो, म्हणून घटकांची यादी वाचल्याशिवाय ती घेऊ नयेत.

नुसते उकडलेले चिकन काही दिवस चालते, पण त्यात कॅल्शियम पुरेसे नसते आणि शिजवताना टॉरिनही पाण्यात उतरते, म्हणून तोच कायमचा आहार करू नये. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात, तेव्हा आपल्या भाजीचा रस्सा कधीही घालू नये.

इथे एक धोक्याची सूचना आहे. इन्सुलिन चालू असताना कोरडे खाद्य एकदम बंद करून ओले सुरू केले, तर साखर झपाट्याने खाली येते आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते. आहार बदलायचा असेल तर डॉक्टरांना सांगूनच, सात ते दहा दिवसांत थोडा थोडा बदलावा आणि त्या काळात साखर अधिक वेळा तपासावी. जाड मांजराचे वजनही सावकाश, आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरवावे. उपाशी तर कधीच ठेवू नये, कारण लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून वेगळाच जीवघेणा आजार सुरू होतो.

बाहेर फिरणारा बोका आणखी तीन घरी जेवत असतो. भुऱ्या शेजारच्या काकूंकडे रोज दुपारी दूध-पोळी खातो, हे आम्हाला निदानानंतर दोन आठवड्यांनी समजले, तोवर त्याचे आकडे का नाचतात हे कळत नव्हते. काकूंना घरी बोलावून सिरिंज दाखवली आणि सगळे समजावून सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे आम्ही बाहेरगावी असताना त्याला सुई त्यांनीच दिली.

घरी रक्त तपासणे

पहिल्यांदा हे अशक्य वाटते, पण आठवड्यात सरावाचे होते. कानाच्या कडेने एक बारीक शीर धावते. गरम पाण्यात पिळलेल्या रुमालाने किंवा तव्यावर शेकलेले तांदूळ भरलेल्या मोज्याने कान अर्धा मिनिट शेकावा. कडेवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा, म्हणजे रक्त केसांत न पसरता थेंब होऊन उभे राहते. कानामागे कापसाची घडी धरावी आणि शीर व कानाची कड यांच्या मधल्या पट्टीत लॅन्सेट, म्हणजे थेंब काढायची बारीक सुई, टोचावे. शिरेच्या आत टोचायचे नसते. मोहरीएवढा थेंब पुरतो. पट्टीने तो ओढून घेतला की कापूस दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा आणि लगेच आवडीचा मांसाचा तुकडा द्यावा. भुऱ्या तिसऱ्या आठवड्यापासून ग्लुकोमीटरचा टिक असा आवाज आला की स्वतःच खाटेवर येऊन बसत असे, कारण त्या आवाजानंतर चिकन मिळते हे त्याला पक्के ठाऊक झाले होते.

माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तातली साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. माणसाच्या रक्तात साखरेचा मोठा हिस्सा लाल पेशींत असतो, मांजरात मात्र जवळजवळ सगळी साखर पेशींबाहेरच्या द्रवात असते, आणि यंत्राचे गणित माणसासाठी बसवलेले असते. प्राण्यांसाठी बनवलेले यंत्र मिळाले तर उत्तम. ते नसल्यास माणसांचे वापरावे, मात्र कोणते यंत्र वापरतो हे डॉक्टरांना सांगावे आणि मध्येच बदलू नये. दंडावर लावायचा चौदा दिवसांचा सेन्सर मांजरांच्या अंगावरही लावतात. तो सोयीचा आहे, पण त्याचा आकडा रक्ताच्या थोडा मागे चालतो आणि फार खालचे आकडे तो विश्वासाने सांगत नाही, म्हणून मांजर अस्वस्थ दिसले तर कानाचा थेंब घेऊनच खात्री करावी.

सुरुवातीला प्रत्येक सुईआधी साखर पाहावी. कोणत्या आकड्याखाली सुई द्यायची नाही, तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. नवख्या पालकांना अनेक डॉक्टर २०० ही मर्यादा सांगतात: त्याखाली आकडा आला तर सुई थांबवून फोन करायचा.

मात्रा बदलण्यासाठी डॉक्टर साखरेचा आलेख मागतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर दोन तासांनी साखर मोजून लिहायची. आमच्या एका रविवारची नोंद अशी होती: सातला ३४०, नऊला २९०, अकराला १९०, एकला १४०, तीनला १६५, पाचला २४०, सातला ३२०. नवख्याची नजर ३४० वर अडकते. डॉक्टर आधी तळाचा आकडा पाहतात. तो ८० ते १५० च्या दरम्यान असावा अशी अपेक्षा असते, आणि आमचा १४० होता. सकाळचा आकडा मोठा दिसतो म्हणून आम्ही मनाने मात्रा वाढवली असती, तर दुपारचा तळ धोक्याच्या खाली गेला असता. शिवाय साखर फार पडली की शरीर स्वतःच ती उसळवते, त्यामुळे मोठा आकडा हा कधीकधी जास्त इन्सुलिनचाही परिणाम असतो. ग्लार्जिनचा परिणाम स्थिरावायला पाच-सात दिवस लागतात, तेव्हा मात्रा दर दोन दिवसांनी वाढवण्याची घाई डॉक्टरही करत नाहीत.

आकड्यांइतकेच महत्त्व वजन, पाणी आणि ट्रेमधल्या लघवीच्या ढेकळांना आहे. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे. दर रविवारी एवढे केले तरी पुरते.

साखर खाली गेली तर

एकदम वखवखून खाणे किंवा उलट सुस्त होणे, तोल जाणे, बुबुळे मोठी होणे, आडोशाला लपणे, अंग थरथरणे आणि शेवटी झटके येणे ही साखर पडल्याची चिन्हे आहेत. ६० च्या खालचा आकडा म्हणजे आणीबाणी समजावी. यंत्र हाताशी नसेल आणि चिन्हे दिसत असतील, तर साखर पडली आहे असेच गृहीत धरावे.

मांजर शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर लगेच खाणे द्यावे. या वेळी कोरडे, पिठूळ खाद्यही चालते. खात नसेल तर चमचाभर मध किंवा घट्ट कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांना चोळावी. झटके येत असतील किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दातांपासून बोट जपून ओठांच्या आतल्या बाजूला मध लावावा आणि त्याच वेळी दवाखान्याकडे निघावे. शुद्धीवर आले तरी दवाखाना टाळू नये, कारण आत गेलेले इन्सुलिन काही तास काम करतच राहते आणि साखर पुन्हा पडू शकते. वाटेत दर पंधरा मिनिटांनी मोजावी. मधाची लहान बाटली, रात्रभर उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक आणि पिंजरा या तीन गोष्टी आमच्याकडे कायम एकाच कोनाड्यात असत.

याच्या उलट अवस्थाही ओळखता यायला हवी. मांजर खाणे सोडते, उलट्या करते, गळून पडते, आणि तोंडाला नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा वास येतो, तेव्हा रक्तात कीटोन साचलेले असतात. लघवीत बुडवायच्या पट्ट्यांनी घरीही ते कळतात. पट्टीचा रंग बदलला आणि मांजर जेवत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तिथे सलाइन लावावेच लागते.

सणवार आणि प्रवास

दिवाळीचे फटाके, रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचा, गलबला किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्रीचे ढोल यांनी मांजर पलंगाखाली जाऊन बसते आणि जेवत नाही. न जेवलेल्या मांजराला पूर्ण मात्रा देऊ नये. अशा दिवसासाठी निम्मी द्यायची की सोडायची, हे डॉक्टरांना सणाच्या आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे, कारण लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन लागेलच असे नाही. आतल्या खोलीत खिडक्या लावून ट्रे, पाणी आणि अंथरूण ठेवले की बहुतेक मांजरे उशिरा का होईना जेवतात.

लग्नकार्याला जाताना मांजर बरोबर नेण्यापेक्षा घरीच ठेवावे आणि सुई देणाऱ्या माणसाला आधी तीन-चार दिवस आपल्यासमोर सराव द्यावा. त्याच्यासाठीच्या कागदावर मात्रा, वेळ, कोणत्या आकड्याखाली सुई द्यायची नाही आणि शंका आल्यास सुई न देता फोन करायचा, एवढे ठळक लिहावे.

इन्सुलिन सुटण्याची शक्यता

निदान लवकर झाले, पहिल्या काही महिन्यांत साखर नीट आटोक्यात आली आणि आहारातले पीठ गेले, तर काही मांजरांचे इन्सुलिन सुटते. सर्वांचे सुटत नाही आणि न सुटण्यात पालकांचा दोष असतोच असे नाही. ही वेळ येत असल्याची खूण म्हणजे त्याच मात्रेवर आकडे खाली खाली येऊ लागणे. म्हणून नेमक्या सुधारणेच्या काळात तपासणी वाढवावी, कमी करू नये. डॉक्टर मात्रा अर्ध्या-पाव युनिटने उतरवत नेतात.

भुऱ्याचे इन्सुलिन दीड वर्षाने, सुदामानगरातल्या आमच्या घरी गुढी उभारली त्याच आठवड्यात थांबले. आता तो साडेपाच किलोचा आहे. आम्ही दर रविवारी सकाळी त्याच्या कानाचा एक थेंब घेतो, महिन्यातून एकदा लघवीची पट्टी पाहतो आणि स्टेरॉइड न देण्याविषयी त्याच्या फायलीच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून घेतले आहे. डब्यातल्या नारिंगी टोपणाच्या सिरिंज अजून ठेवल्या आहेत, कारण सुटलेला मधुमेह परत येऊ शकतो, आणि आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आहे.